अडचणींचा रकाना

चि. मुली,

काल औषधांच्या दुकानात काउंटरमागे तू दिसलीस.

कॉलेजात तुम्हा वीस मुलींची मी मार्गदर्शक. दर महिन्याला एकेकीशी बोलून फॉर्म भरायचा, असा नियम. मी वर्षभराचे फॉर्म एकाच दुपारी हातावेगळे केले. 'अडचणी'च्या रकान्यात सगळ्यांच्या 'काही नाही' लिहिलं आणि तुम्हाला सह्यांना बोलावलं.

सही करून तू दारात घुटमळलीस. मान वर न करताच मी विचारलं, "आणखी काही?"

"नाही मॅडम, सगळं ठीक आहे."

मला तेवढंच हवं होतं. पुढच्या सत्रात तू आलीच नाहीस. आई अंथरुणाला खिळलीय, हे तुझ्या मैत्रिणींकडून कळलं. घरी राहून परीक्षा देता आली असती; त्यासाठीचा अर्ज माझ्याच कपाटात होता.

काल तू माझी डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीस. "बीपीच्या दोन-दोन गोळ्या? बऱ्या आहात ना, मॅडम?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

तू गोळ्या बाजूला ठेवल्यास, बाहेर येऊन स्टूल पुढे सरकवलंस. "बसा. आता सांगा."

आमचे हे जाऊन आठ महिने झाले, झोप लागत नाही, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तू ऐकत उभी राहिलीस.

हे पत्र टाकायचा धीर होणार नाही. खाली 'तुझी मार्गदर्शक' लिहिलं होतं, ते खोडलंय.

तुझी,
मॅडम