पट्टा चढवायला दोघे लागतात

१३ ऑक्टोबर, सोमवार

आळंदहून मेहुण्याचा, गुरुलिंगचा फोन. 'दाजी, रविवारी अव्वाला आणून सोडा. दिवाळी आमच्याकडं करू द्या. तुमच्याकडं यंदा सण न्हाय. आन् लेक गेली तरी म्हातारी जावयाच्या घरी पडून हाय म्हनून इथं लोक बोलायलेत.'

मी 'ठीक आहे' म्हणालो. दुसरे काय म्हणणार? माझी पत्नी महानंदा पावसाळ्यात गेली. तिच्या आईस ठेवून घेण्याचा मला अधिकार कोणता? मुलगा हयात आहे, सुस्थितीत आहे. तहसील कचेरीत वारसांची प्रकरणे हाताळण्यात माझी नोकरी गेली. कोणाचा हक्क पहिला, हे मला कोणी शिकवायला नको.

पण त्या गेल्या, की या घरात महानंदाचे नाव मोठ्याने घेणारे दुसरे माणूस उरणार नाही.

सासूबाईंना अद्याप सांगितलेले नाही. अडचण हीच! त्या इतकी वर्षे या घरात आहेत, पण आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. जावयाशी बोलायचे नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही — त्यांच्या पिढीची रीत. इकडचा शब्द तिकडे महानंदा नेत असे. आता ते काम मांजरीकडे आले आहे. 'मने, चहा निवायलाय म्हनून सांग जावयाला.' असे म्हणून कप उंबऱ्यावर ठेवतात. मी कप उचलतो. मनी दोघांकडेही पाहत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अखेर मीही मांजरीशी बोललो! बोलताना आवाज मात्र कचेरीतला लागला. 'मने, रविवारी आळंदला जायचे आहे. गुरुलिंगने बोलावले आहे.'

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

'मने, जावयाची मर्जी म्हन.'

माझी मर्जी! मर्जी कोणी विचारली होती? 'मला जायचे नाही' एवढे त्या म्हणाल्या असत्या, तर मी गुरुलिंगला तसे कळवले असते. पण त्यांना जावेसे वाटत असेल. लेकाचे घर आहे. नातवंडे आहेत. मी कोण?

दुपारी गाडी सुरू करून पाहिली. गाडी महानंदाची; चालवायची तीच. आसन अजून तिच्या उंचीला पुढे ओढलेले आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकतात, तसाच बसतो. किल्ली फिरवताच इंजिन असे किंचाळले, की समोरच्या प्रेमाबाई धुण्याची बादली टाकून बाहेर आल्या. हा आवाज जुना आहे. महानंदा म्हणायची, 'तुमच्यासारखीच आहे. दिवसभर गप्प, आणि तोंड उघडलं की गल्ली गोळा!'

बंडप्पा मिस्त्रीला फोन लावला. त्याच्या हाताला प्लास्टर आहे. आवाज ऐकूनच म्हणाला, 'पट्टा गेलाय साहेब. इंजिनच्या बाजूला लांब काळा पट्टा हाय बघा, त्याच्यावरच चार्जिंग, पाण्याचा पंप, समदं फिरतंय. वाटंत तुटला तर इंजिन तापून बसंल. म्हातारीला घेऊन माळावर उभं ऱ्हायचं हाय का?'

वाकून पाहिले. पट्ट्याला आडव्या चिरा. एका कडेला दोरे सुटलेले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एस.टी.ने उमरग्यास जाऊन पट्टा आणला. बंडप्पा फोनवर सांगत होता, मी लिहून घेत होतो. जुना काढण्यापूर्वी तो कोणत्या चाकाच्या वरून व कोणत्या चाकाच्या खालून जातो, याचे चित्र काढून ठेवायचे. ताण देणाऱ्या चाकाच्या नटाला पाना लावून दाबायचे, म्हणजे पट्टा सैल पडतो.

'पर दोघं लागतेत साहेब. एकानं पाना दाबून धरायचा, दुसऱ्यानं पट्टा चढवायचा. पान्याला लोखंडी नळी घाला, मग एखादी म्हातारी बी दाबंल!' आणि स्वतःच हसला.

चित्र काढले. पट्टा वेष्टनासकट पडवीतील खुंटीला अडकवला. सासूबाई तुळशीपाशी वाती वळीत होत्या. पाहत होत्या, असे वाटले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पट्टा खुंटीवर नाही!

पडवी, ओसरी, कोठी, गाडीखाली — सर्व शोधले. मी वस्तू हरवणारा माणूस नव्हे.

'मने, पडवीतला पट्टा कोणी पाहिला का, विचार.'

'मने, म्हाताऱ्या मानसाला काय कळतंय पट्ट्यातलं म्हन.'

सासूबाईंची पिशवी मात्र चेन लावून दाराशी ठेवलेली दिसली. रविवारची तयारी गुरुवारीच! म्हणजे जायची एवढी ओढ आहे. बरे झाले, मी काही बोललो नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा उमरगा. दुकानदार म्हणाला, 'काय साहेब, दोन गाड्या घेतल्या का?' मी पैसे मोजून दिले. या वेळी पट्टा उशाशी ठेवला आहे.

मदतीला माणूस नाही. शेजारचा रामकिसन सोयाबीनच्या राशीवर. सगळी गल्लीच रानात. उद्या पाहू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

उजव्या हाताचे बोट ठणकत आहे. अक्षर वाईट येईल.

सकाळी एकट्यानेच प्रयत्न केला. पाना एका हाताने दाबला, दुसरा हात पट्ट्यापर्यंत पोहोचला नाही. गुडघ्याने दाबून पाहिले. पाना निसटून हनुवटीला लागला. दुपारपर्यंत हेच. सूर्य कलला, आणि माझ्या लक्षात आले की या घरात आम्ही दोघेच आहोत आणि मांजरीला पाना धरता येत नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काय म्हणून हाक मारावी, तेही ठाऊक नव्हते. महानंदा म्हणत असे, तेच म्हणालो.

'अव्वा. जरा बाहेर येता का? मला तुमची मदत हवी आहे.'

मी परत गाडीशी येऊन उभा राहिलो. मग मागे बांगड्या वाजल्या. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. मी पाट ठेवला. त्या त्यावर चढल्या आणि नळी दोन्ही हातांनी धरली.

'दाबा.'

दाबले. ज्वारी दळलेले हात आहेत! चाक हलले, जुना पट्टा सैल पडून माझ्या हाती आला. ठिकठिकाणी तडकलेला. नवा पट्टा चित्राप्रमाणे खालून ओवीत आणला — दात असलेली बाजू दात असलेल्या चाकावर, गुळगुळीत बाजू गुळगुळीत चाकावर. शेवटचे चाक राहिले.

'आणखी दाबा. थोडेच. सोडू नका —'

सोडले!

पट्टा ताणला गेला आणि बोट चाक व पट्टा यांच्यामध्ये सापडले. मी ओरडलो. त्यांनी पुन्हा सर्व भार नळीवर टाकला, बोट सुटले. नखाखाली रक्त साकळले होते.

'यप्पा! लागलं का वो? बघू, बघू हिकडं!'

पदर खांद्यावर आला होता. माझा हात त्यांच्या हातात होता. आम्हा दोघांच्याही ते एकदमच लक्षात आले. त्यांनी पदर ओढून घेतला. डोळ्यांना लावला की डोक्यावर घेतला, ते मी पाहिले नाही.

'हात सुटला वो. मुद्दाम न्हाय सोडला.'

'मी तसे म्हणालो नाही, अव्वा.'

'तुमी काय बी म्हनत न्हाय. ती असती तर म्हनली असती.'

मी बोट रुमालाला पुसले. म्हणालो, 'आणखी एकदा धरता का?'

त्यांनी धरले. नंतर हलू दिले नाही. पट्टा चढला. गाडी सुरू केली — आवाज नाही. किंचितही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. अव्वा पाटावरच उभ्या होत्या, बिनआवाज चालणाऱ्या त्या इंजिनाकडे पाहत.

'झाली व्हय दुरुस्त?'

'झाली.'

'बरं.' आणि त्या आत गेल्या.

जेवण उंबऱ्यावर आले. मांजरीलाही त्या काही बोलल्या नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी त्यांची पिशवी डिकीत ठेवण्यासाठी उचलली. अगदी हलकी! चेन उघडून पाहिली. आत एकही लुगडे नाही. फक्त पट्टा — गुरुवारी हरवलेला, वेष्टनासकट.

अव्वा दारात उभ्या होत्या. मी चेन पुन्हा लावली, पिशवी होती तेथे ठेवली आणि त्यांच्यासमोरच गुरुलिंगला फोन केला. 'गाडी नादुरुस्त आहे. पट्टा कुठेच मिळत नाही. नाही — दिवाळीनंतरचेही सांगता येत नाही.'

काही वेळाने आतून आवाज आला, 'चहा निवायलाय, बापू.'

मनी तेव्हा घरात नव्हती.