दोन्ही हात वर

५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तू फोन आपटलास, म्हणून पत्र. ते मधेच तोडता येत नाही. वहिनींकडून सगळे कळले. परवा काचेच्या पेल्यावर कोरीवकाम करताना तो तुझ्या उजव्या हातातून निसटला, ओठ एका बाजूला ओघळले आणि चहा निवेपर्यंत तुला धड बोलता येईना. जीभ वळू लागताच तू पेले तेलकट राहिल्याचा ठपका ठेवून वहिनींकडून सगळे पुन्हा धुऊन घेतलेस. आपल्या घरची रीतच ती: काच फुटली की आधी गुन्हेगार हवा.

गुन्हेगार तुझ्या मेंदूत होता. रक्ताची गुठळी वाट अडवून सरकली. ही पक्षाघाताची पूर्वसूचना. हात सुधारला म्हणजे संकट टळले, असे माझ्या शरीरशास्त्राच्या वर्गात कुणी लिहिले असते, तर मी शून्य दिले असते. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी सोडलीस. अरे, बरे वाटत होते ते गोळीमुळे! सिगारेट मात्र चुकत नाही.

आजच डॉक्टर गाठ. वहिनींना मी बजावले आहे: त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा. एकही गोष्ट वाकडी दिसली तर घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवा आणि तडक रुग्णवाहिका बोलवा. त्याची परवानगी मागू नका.

लोभ वाढावा असे तू काही करत नाहीस; तरी आहे तो टिकव.

तुझी,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

व्याख्यान पोचले. त्या गोळीने माझी बोटे बोथट होतात. केसाएवढी रेघ कोरणाऱ्याला ते कळते. फळ्यावर खडू घासणारीला कळायचे कारण नाही. प्रदर्शनाचा मोठा पेला पुरा होईपर्यंत डॉक्टरचे नाव काढू नकोस.

तुझ्या सूचना तुझ्या वहिनीने आरशाला चिकटवल्या आहेत. दाढी करताना मला हसायला लावते. लग्नानंतर माझ्या हसण्याची तिला एवढी निकड कधी नव्हती. माझ्या घरात पुन्हा ढवळाढवळ केलीस, तर इकडे फिरकू नकोस.

माया असू दे, सल्ले आवर.

दादा

२ एप्रिल

चि. ठमीस अ. उ. आ.

अक्षर वहिनीचे, मजकूर माझा. तुझे शास्त्र थोतांड आहे हे एकदाचे सिद्ध करावे, म्हणून न्याहारीच्या टेबलाशी मी आपण होऊन दोन्ही हात वर केले. डावा राहिला. उजवा खाली आला. मी त्याला दरडावले. आयुष्यात प्रथमच त्याने माझे ऐकले नाही.

तुझ्या वहिनीने घड्याळ पाहिले आणि फोन उचलला. उगाच तमाशा करू नकोस, असे मी ओरडलो. पण तोंडातून नुसता लगदा आला, तेव्हा तिला ते ऐकण्याचे कारणच उरले नाही. वेळेत पोचलो म्हणून गुठळी विरघळवणारे औषध देता आले, उशीर झाला असता तर ते देता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. तेही तुझ्यासारखेच तोऱ्यात बोलतात.

आता गोळी तुझी वहिनी समोर उभी राहून गिळायला लावते. सिगारेटी तिने फेकल्या. दिवसभर रबरी चेंडू दाबत बसतो. मोठा पेला अर्धाच राहिला आहे. बारीक रेघ पुन्हा येईल की नाही, ते कुणी सांगत नाही.

हातातून पेला निसटला त्या दिवशीचे पेले स्वच्छ धुतलेले होते. हे वाक्य तुझ्या वहिनीने माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

राग धर, पण येऊन जा. सही माझी, उजव्या हाताची. रेघ थरथरली आहे. चूक काढलीस तर याद राख.

दादा