कुलपांना चांगले दिवस येणार

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. बाजारात बुडतात ते नोंदी न ठेवणारे. गेल्या वर्षी मी बुडालो तो केवळ नोंदी नव्हत्या म्हणून. अभ्यास होताच.
टीव्हीवरच्या टायवाल्याचं ऐकायचं नाही. ऑफिसात कुणाला काही बोलायचं नाही. बायकोला योग्य वेळी सांगायचं. योग्य वेळ मी ठरवणार.
वही टेबलाच्या खणात, खणाला कुलूप. तरी कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. नुसतं 'कु. कं.'

४ जानेवारी, संध्याकाळ
पण कु. कं. म्हणजे काय हे पुढे मलाच आठवलं नाही तर? कुलूप कंपनी. याहून जास्त एक अक्षर नाही.

७ जानेवारी
व्याजदर उतरले. टायवाला सांगतो, आता घरं आणि गाड्या खपतील. ज्या अर्थी फुकट सांगतोय त्या अर्थी त्याने ते शेअर आधीच घेऊन ठेवलेत.
खरी साखळी वेगळी आहे. व्याज कमी म्हणून लोक ठेवी मोडणार. पैसा घरात येणार. पैसा घरात आला की झोप उडणार. झोप उडाली की माणूस पहिल्यांदा काय आणतो? कुलूप. शिवाय हल्ली कुणाचा कुणावर विश्वास राहिलेला नाही. माझाच बघा. इतकी सरळ गोष्ट अख्ख्या बाजारात कुणालाच सुचू नये? सुचली असणार. गप्प बसलेत.
कु. कं.चा भाव चाळीस. दिवसेंदिवस एक शेअर इकडचा तिकडे होत नाही. म्हणजे मोठ्या माशांचं अजून लक्ष गेलेलं नाही.

९ जानेवारी
पहिली खरेदी. ॲपवरून नाही. ॲपवाल्यांना आपण काय घेणार ते आपल्याआधी कळतं. ब्रोकरच्या ऑफिसातल्या बाईंना फोन करून घेतले.
फोन कुठून करायचा हा प्रश्न होता. हॉलमध्ये बायको. गॅलरीत करावा तर शेजारचे रिटायर्ड मॅनेजर कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने उभे. इतकं पाणी कुठल्या झाडाला लागतं? शेवटी सासऱ्यांच्या खोलीतून केला. सासरे गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात आणि त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या खोलीत माणसालाच नाहीत. माझं टेबल उद्याच तिकडे हलवतो.

१० जानेवारी
टेबल हलवलं. बायकोने कारण विचारलं. म्हटलं, बाबांना सोबत होईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला क्षणभर वाईट वाटलं, पण त्यात खोटं काय होतं?

१४ जानेवारी
बाजाराचा प्रत्यक्ष अभ्यास. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला आडून विचारलं, कुलपं कशी जातात. म्हणाला, जातात की. बोलताना त्याने मान खाली घातली. काहीतरी लपवतोय. रिकाम्या हाताने परतलं तर त्याला संशय येईल म्हणून कु. कं.ची दोन कुलपं घेतली. एक फ्रिजला बसतं का बघितलं. नाही बसत.

१९ जानेवारी
भाव त्रेचाळीस. अभ्यास खरा ठरतोय.
पण एक गोष्ट खटकते. मी शंभर मागितले, लगेच शंभर मिळाले. पुढच्या दिवशी दोनशे मागितले, दोनशे मिळाले. इतके दिवस विकणारा औषधालाही नव्हता. मी पाऊल टाकलं की हा समोर हजर. ब्रोकरच्या बाईंना विचारलं, हा कोण. त्या म्हणाल्या, साहेब, ते कधी कळत नाही. कळत नाही की सांगायचं नाही?
कंपनीतलाच कुणी बडा असणार. बुडणाऱ्या जहाजातून उंदीर आधी पळतात, पण हे जहाज बुडत नाहीये. मग हा का पळतो? कारण त्याला मला घाबरवायचंय.

२२ जानेवारी
हार्डवेअरवाल्याकडे पुन्हा. कु. कं.चा खण रिकामा. मी विचारायच्या आधीच म्हणाला, माल संपला, नवीन पेटी मागवलीय. मागणी वाढली. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घरी येऊन बाईंना फोन. आणखी पाचशे.

२४ जानेवारी
पेटी आली. दर्जा तपासायला वीस कुलपं घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं, दिवस वाईट आहेत, जिन्याच्या दाराला एक लावा. ते म्हणाले, जिन्याला दारच नाही.

२८ जानेवारी
हिने विषय काढलाच. सासऱ्यांच्या कानाच्या मशीनसाठी तिने चार वर्षं शिकवणीच्या पैशांतून जमवलेली मुदत ठेव या आठवड्यात पूर्ण होतेय. म्हणाली, एकदा बाबांनी नातीचा फोनवरचा आवाज ऐकला म्हणजे मी सुटले. नात म्हणजे आमची लेक, शिकायला लांब असते. दर रविवारी ती आजोबांशी बोलते आणि ते नुसते हसून फोन परत देतात.
मी शांतपणे समजावलं. मशीन बाहेरून येतं. यंदा महिनाभर उशिरा येणाऱ्या अर्थसंकल्पात आयात शुल्क उतरणार आहे. आत्ता घेणारे मूर्ख. महिनाभर थांबलो तर त्याच पैशांत दोन कानांची येतील. तिने मान डोलावली. अर्थकारण समजावून सांगितलं की पटतं माणसाला.

३० जानेवारी
ठेव दोघांच्या नावावर आहे. सही कुणाचीही चालते. पैसे महिनाभर बँकेत नुसते झोपून राहणार. झोपलेला पैसा हा गुन्हा आहे. सगळे कु. कं.मध्ये. महिन्याने मशीन येईलच, वर हिला काहीतरी येईल.
भाव एक्कावन्न. विकणारा आजही हजर होता. एकट्याने सगळे दिले. बाबा, किती आहेत तुझ्याकडे?

३ फेब्रुवारी
सासरे हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी बाहेर जातात. वाचनालयात जातो म्हणतात. येताना बिस्किटं आणतात. घरात एक तरी माणूस असा आहे ज्याच्यावर संशय घ्यायचं कारण नाही.
बायको म्हणते, मी लिहिताना पुटपुटतो. ओठ हलतात म्हणे, कधीकधी तर आवाजही येतो. ही दारात उभी राहून बघत होती म्हणजे. का? खणाला दुसरं कुलूप लावलं, सात नंबरचं, मोठं.

११ फेब्रुवारी
सासऱ्यांनी कानटोपी घालायला सुरुवात केलीय. घरात, पंख्याखाली. वय झालं. टीव्हीचा आवाजही हल्ली बारीक ठेवतात. पूर्वी खालच्या मजल्यावरून तक्रार यायची. माणूस एकदा नाद सोडतो म्हणजे सोडतो.

१३ फेब्रुवारी
विचित्र. काल संध्याकाळी इथे बसून लिहायला घेतलं होतं की उद्या तीनशे घ्यायचे, तेवढ्यात वीज गेली. सकाळी बाईंना फोन केला तर विकायला बरोबर तीनशे लागलेले. दोनशेनव्वद नाही, तीनशे.
माझ्या डोक्यात काय आहे हे बाहेर जातंय. कसं? फोन तपासला. टेबलाखाली हात फिरवला. हार्डवेअरवाल्याने दिलेल्या कुलपांपैकी एक उघडून बघितलं. आत काही नाही. आता ते बंद होत नाही.
शेजारच्या मॅनेजरांच्या कुंड्या आमच्या खिडकीकडे सरकल्यात. मोजल्या नव्हत्या, पण सरकल्यात.

२ मार्च, दुपार
अर्थसंकल्प. ऑफिसातून अर्धी रजा. सासरे शेजारी बसून टीव्ही बघत होते, मधूनमधून मान डोलावत होते. बिचारे. काय कळत असेल?
अर्थमंत्री दीड तास बोलले. कुलूप हा शब्द एकदाही नाही. इतकं टाळायचं म्हणजे आत काहीतरी शिजतंय. कानाच्या मशीनवरचं शुल्क जिथल्या तिथे. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं मशीनचं. म्हटलं, बारीक अक्षरं वाचायला वेळ लागतो.

४ मार्च
विकणारा गायब. कालही नव्हता. आपण जिंकलो. त्याच्याकडचे संपले, सगळा माल आता माझ्याकडे. भाव छप्पन. उद्या थोडे विकून ठेवीचे पैसे मोकळे करतो.

५ मार्च
विकायला लावले. घेणारा नाही.

६ मार्च
घेणारा नाही. बाईंना म्हटलं, पंचावन्नला द्या. त्या म्हणाल्या, साहेब, भाव लावून उपयोग नाही, समोर माणूस पाहिजे. म्हटलं, बावन्न लावा. लावले. बाई म्हणाल्या, गेले दोन महिने या शेअरला घेणारे तुम्हीच होतात.
ही बाई कुणाच्या बाजूची आहे?

९ मार्च
कंपनीचं पत्रक आलं. विक्री घटली. लोक आता दाराला आकड्यांची बटणं लावतात. भाव चौतीस, तोही नुसता लिहिण्यापुरता.
सरळ हार्डवेअरवाल्याकडे गेलो आणि जाब विचारला. मागणी वाढली म्हणाला होतास ना? तो म्हणाला, वाढलीच होती. तुम्ही सोडून कु. कं.चं कुलूप वर्षभरात कुणी नेलेलं नाही. मला वाटलं, तुम्ही दुकान काढताय. मी घाबरून दोन पेट्या जास्त भरल्या. त्या पेट्यांचं काय करू, असं त्यानेच मला विचारलं.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात इतके दिवस लख्ख ऊन होतं आणि मला काही दिसलं नाही.

१५ मार्च, रविवार
आज मशीन आणायचंच असं हिने ठरवलं होतं. साडी बदलून, पर्स घेऊन बसली. बाबांना खुणेने सांगितलं, तयार व्हा. मी चप्पल घालून दारात. सांगावं तरी कसं? वाटेत सांगू, दुकानात सांगू, की मशीन खराब निघालं असं काही करता येईल? हिच्या चार वर्षांच्या शिकवण्या डोळ्यांपुढे येत होत्या. भर दुपारी मुलं यायची आणि मी आवाज होतो म्हणून दार लावून घ्यायचो. मला माझीच शरम वाटली. लिहायला सोपं जात नाहीये.
तेवढ्यात सासऱ्यांनी कानटोपी काढली. कानात मशीन. म्हणाले, महिना झाला, आधी नीट चालतं का बघत होतो.
ही खालीच बसली. पैसे कुठून आणले म्हणून विचारलं. ते म्हणाले, जुन्या मालकांनी निवृत्तीच्या वेळी पैशांऐवजी एका कुलूप कंपनीचे शेअर हातावर ठेवले होते. अठरा वर्षं विकायला काढले होते, कुणी हुंगत नव्हतं. या जानेवारीत कुणीतरी देवमाणूस उभा राहिला. मागेल तेवढे घेत गेला. पहिल्या पैशांत मशीन आलं. मशीन आल्यावर तर तो कधी किती घेणार तेही ऐकू यायला लागलं.
हे माझ्याकडे न बघता म्हणाले.
मग हिला म्हणाले, तुझी ठेव राहू दे, जावईबापूंनी ती गुंतवलीय. हिने विचारलं, कशात. मी सांगितलं. सगळं. सासऱ्यांनी खिशातून बँकेची पावती काढली, ठेवीइतकीच रक्कम, हिच्या एकटीच्या नावाची. म्हणाले, घरचा पैसा घरातच आहे, जरा फिरून आला एवढंच.
चार वाजता लेकीचा फोन आला. सासऱ्यांनी तो कानाला लावला आणि बराच वेळ दिलाच नाही. ही भिंतीला टेकून ऐकत उभी होती. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि आज त्यात मला कसलाही डाव दिसला नाही.
संध्याकाळी हिने बँकेची पुस्तकं कपाटात ठेवली आणि माझ्या खणाचं सात नंबरचं कुलूप काढून कपाटाला लावलं. किल्ली तिच्याकडे.

१६ मार्च
खण उघडाच आहे. शेअरचा भाव एकोणतीस. कुलपं बावीस, त्यातलं एक बंद होत नाही.
टेबल परत हॉलमध्ये न्यायचा विचार होता, पण बाबांना सोबत होते म्हणून ते इथेच राहू दे, असं ही म्हणाली. ठीक. पण आजपासून रोजनिशी तोंड मिटून लिहायची. एक अक्षर बाहेर जाता कामा नये.
पलंगावरून सासरे म्हणाले, बरं.