श्री नावाची आज्ञा नाही

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व), श्रावण वद्य तृतीया

तीर्थस्वरूप दादास, राधाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीला सांग, कोकमाचं आगळ पोचलं. (बाटली वाटेत गळली, पण पिशवी पिळून सरबत केलं, वाया काही गेलं नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे परवा दुपारी सव्वा वाजता नव्हते, आता आहेत.

तुझा फोन विहिरीत पडल्यापासून बाबांच्या आवाजातलं देवापुढचं गाऱ्हाणं तेवढं आमच्या कॉम्प्युटरातच उरलंय. चतुर्थीला गणपतीपुढे लावायला हवं म्हणून ते भरून घ्यायला तू रिकामा पेनड्राइव्ह पाठवलास, आणि नेमका तो आला त्याच दिवशी कॉम्प्युटर 'जागा संपली' म्हणून अडून बसला. (हा कॉम्प्युटर जावयांच्या साकीनाक्याच्या कंपनीने काढून टाकलेला. मिथुनरावांनी त्यात लिनक्स का काय ते घातलंय. फुकट मिळतं म्हणाले, तेव्हा मी पुढे काही विचारलंच नाही.) मला त्यातला मेनू छान येतो. खानावळीतल्या फळ्यासारखं सगळं समोर लिहिलेलं असतं, आपण बोट ठेवायचं. वर तो दोनदा विचारतो, खरंच पुसू? नक्की ना? मी दोन्ही वेळा गाऱ्हाण्याला म्हणतात तसं मनात 'व्हय म्हाराजा' म्हणते आणि बटण दाबते.

पण मिथुनरावांना मेनूचा भारी तिटकारा. फोनवर म्हणाले, "आई, मेनू म्हणजे पांगुळगाडा. मी एक ओळ सांगतो, ती काळ्या पडद्यावर टाइप करा, जुन्या फायली खलास!" जावयाला नाही कसं म्हणणार? (मुलगा उतावळा आहे, हे मी नीलमला लग्नाआधीच सांगितलं होतं.) डबा खाता खाता ते सांगू लागले, आर, एम, स्पेस, मायनस आर, स्पेस, जुने, स्पेस, स्टार. जागा संपली म्हणून रडणाऱ्या यंत्राला हे दर शब्दामागे जागा सोडायला सांगतात, पण आपण कोण बोलणार? मी आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं उतरवलं, मग ते बघून एकेका बोटाने पडद्यावर, आणि एन्टर.

यंत्राने इंग्रजीत एक ओळ तोंडावर फेकली. श्री नावाची आज्ञा सापडत नाही.

"आई, हे श्री कुठून आलं?"

"कागदावर वर असतंच ना. माझ्या वाण्याच्या यादीवरही असतं."

"बरं, पुढचं वाचा." मी वाचलं. तिकडचं चावणं थांबलं. "जुने आणि स्टार यांच्यामध्ये जागा सोडलीत?"

"तुम्हीच म्हणालात सोडा."

"हात काढा! कीबोर्डवरचे हात काढा आधी!"

दादा, स्टार म्हणजे 'जे जे असेल ते'. तो 'जुने'ला चिकटून असता, तर त्या नावाच्या फायली गेल्या असत्या. मध्ये जागा पडली की जुने तर जातंच, शिवाय बाकीचं झाडून सगळं. बाबांसकट! काळा पडदा मेनूसारखा दोनदा सोडा, एकदाही विचारत नाही. त्याला पहिलाच शब्द श्री दिसला, हा कोण ते कळेना, म्हणून पुढचं त्याने ऐकूनच घेतलं नाही. देवापुढे साखर ठेवली. (चमचाभरच, संध्याकाळी चहात घातली.)

मग मेनूतूनच सफाई केली. मिथुनराव गुमान हो म्हणाले. गाऱ्हाणं लावलं, "बा देवा म्हाराजा" असा बाबांचा खणखणीत आवाज आला, आणि स्वयंपाकघरात मी एकटीच "व्हय म्हाराजा" ओरडले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं. पेनड्राइव्ह याच पाकिटात आहे. भजनाच्या स्पीकरला लागेल. विहिरीपासून लांब ठेव.

तुझी
राधा

ता. क. मी चूक ओळखून मुद्दामच श्री घातलं, असं मिथुनराव धरून चाललेत. ऑफिसात आता ते स्वतः धोक्याच्या ओळीआधी श्री टाइप करतात, सगळं वाचून बघतात, मगच श्री खोडतात म्हणे. मी तो समज खोडला नाही. जावई आहेत.

पुन्हा ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. गाऱ्हाणं परवापासून चारदा ऐकलं. मधे मधे खस् असा आवाज येतो, मला वाटलं यंत्राची खरखर. दादा, बाबा पान उलटतात! तोंडपाठ येत नाही म्हणून जन्मभर तुला बोलले, आणि स्वतः वही बघून म्हणत होते. गाऱ्हाणं घालताना हातावर कायम उपरणं का असायचं, ते आता कळलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वही शोध. सापडली तर यंदा स्पीकर नको, तूच म्हण. उपरणं मोठं घे.