सुतळीचा नकाशा आणि हौशीरामआप्पांची पाणंद

मांडवगण फराटा,
बुधवार

आदरणीय खुर्शिदमामांना भाचा इनुसचा सलाम.

तुमची शुगर, मामींचा गुडघा आणि दौंडच्या नळाचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असावं अशी दुआ करतो. इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पण त्या ओळीवर फार विसंबू नका. फोनच केला असता, पण तुम्ही दोन वाक्यांनंतर "बरं, ठेव आता" म्हणता, आणि माझं दुःख जरा लांबडं आहे.

तर पुण्याची एक संस्था गावात आली. गावाचे जुने नकाशे सरकारनं सगळ्यांना खुले केलेत, कुणीही फुकट बघावेत, असं त्यांचं म्हणणं. (खुले म्हणजे मोबाइलवर सात ठिकाणी बोट लावायचं, आठव्या ठिकाणी परत पहिलं पान येतं.) गावातल्या हर तऱ्हेच्या माणसाला कळेल असा नकाशा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पाबळला एक वर्ष टेक्निकल शिकलो होतो. ते वर्ष आजवर कुठं उपयोगी पडलं नाही, हितं तेवढं आडवं आलं.

वाचता येणाऱ्यांसाठी मोबाइलवर नकाशा काढून दिला. सोसायटीचे चेअरमन पोपटराव यांनी तो तासभर बघितला, शेजाऱ्याचा बांध मोठा करून करून बघितला, आणि त्याच दिवशी मोजणीचा अर्ज ठोकला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला. पुतळाबाईंनी विचारलं, माझं घर कुठं हाय. मी ठिपका दाखवला. त्यांनी ठिपका अंगठ्यानं झाकून बघितला. "चार लेकरं वाढवली म्या ह्यात," म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. (भिंतीवर उत्तर दिशाच वर कशाला, असं त्यांच्या जावेनं विचारलं. आपल्याकडं वर म्हणजे नदीचं वरचं अंग. संस्थेच्या साहेबांनी हा प्रश्न वहीत लिहून घेतला.)

राहिले ज्यांना दिसत नाही ते. म्हणजे आपले हौशीरामआप्पा. पाटकरी होते, सारी उमर कॅनॉलच्या चाऱ्यांना पाणी सोडत हिंडले, मग काचबिंदूनं डोळे गेले. त्यांच्यासाठी प्लायवर नकाशा केला. रस्त्यांना सुतळी, नदीला वाळू, घरांना ज्वारीचे दाणे. चार दिवसांत उंदरांनी खालची आळी खाल्ली. मग चिंचोके चिकटवले आणि प्लाय गाडीवर बांधून त्यांच्या वस्तीवर घेऊन गेलो.

आप्पांनी सुतळीवरनं बोट फिरवलं. "ही आपली पाणंद," म्हणाले. "वस्तीवरनं थेट मशिदीमागं निघती. डोळं गेल्यावर बी सहा वर्सं एकलाच जायचो. हिचा ऊस झाला तवापासनं चावडी बघितली न्हाई." (बघितली हा शब्द त्यांचाच.) आणि बोट जिथं थांबलं, मामा, ते तुमचं रान.

तुम्ही दौंडला, रान वाट्यानं नवनाथकडं. दोन वर्षांपूर्वी त्यानं पाणंद नांगरली आणि ऊस लावला. सरकारी नकाशात ती आजही आहे, पण तो उघडून बघणारा गावात कुणी नव्हता, ह्यात सगळ्यांचंच बरं चाललं होतं. आता आप्पांना राहिला डांबरी रस्ता, तिथं उसाच्या ट्रॉल्या. मालनबाई, म्हणजे त्यांची बायको, हात धरून नेतील म्हणावं, तर त्यांचेच पाय चालत नाहीत. माणूस दोन वर्षं ओट्यावर बसून आहे. चहाला येत नाही, मयतीला येत नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांनी प्लाय ठेवून घेतला, मी मान खाली घालून घरी आलो.

म्हणून हक्कानं लिहितो. ऊस तुटला की त्याच बुडख्यांवर पुढचा खोडवा ठेवायच्या आधी पाणंदीचे दहा फूट सोडायला नवनाथला सांगा. एका आंधळ्या माणसाची वाट अडवणं आपल्या घराण्याला शोभत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण कुणीतरी बोलायला हवं.

तुमचा,
इनुस

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आप्पांचा निरोप आला, जाऊन आलो. प्लाय मांडीवर होता. सुतळीवर एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इनुस, हितं वळण न्हाई. हितं वाट सरळ हुती. तू दोरा कशापायी वळवलास?" मामा, ते इवलंसं वळण मी तिन्ही नकाशांत घातलं होतं. पोपटरावांनी बघितलं, साहेबांनी बघितलं, साऱ्या गावानं बघितलं, कुणाला दिसलं नाही. सरळ गेली तर पाणंद माझ्या गोठ्यातनं जाते. आणि गोठा तुमच्या उसाच्या आधीचा, तीन महिने आधीचा. वाट पुढं गाडीबैलांना बंदच झाली म्हणून तर नवनाथनं नांगर घातला. आप्पांनी नखानं सुतळी उचकटली, ओढून सरळ केली आणि म्हणाले, "जरा डिंक लाव."

ता. क. दुसरा. डिंक लावला. शुक्रवारी नमाजनंतर गोठा उतरवतोय, पत्रे काढायला नवनाथ येतो म्हणालाय. तुमच्या विहिरीजवळ दोन म्हशी आणि एक रेडकू बांधायला जागा द्याल का? हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे असं समजा. आणि वरचं घराण्याचं वाक्य खोडायचं राहिलं. ते मामींना वाचून दाखवू नका.