वळवलेलं गटार

३ फेब्रुवारी १९६३
सरपंच झालो. पहिलं काम गावाचं आरोग्य. गावच नीट आखलं तर रोग येईलच कुठून? गल्ल्यांतून वाहणारं सांडपाणी एका सरळ गटारातून थेट खाडीत. प्लॅन स्वतः काढला. उद्यापासून पहाटे गावात राउंड.

९ फेब्रुवारी
राउंड नाही. पहाटेची हवा दमट. सरपंचच आजारी पडला तर गावाने कोणाकडे बघायचं?
मीटिंग मात्र झकास. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन तुळशीराम माणसं देणार, मिठागरवाले वामनशेठ दगड देणार, शाळा स्वच्छतेच्या फेऱ्या काढणार. सगळ्यांची मिळून एक कमिटी. तालुक्यात असं कुठे झालं नसेल.

२ मार्च
अडचण. सरळ रेषेत आमचंच अंगण येतं. नवीन पायऱ्या फोडायच्या म्हणजे नुकसान. गटार थोडं वळवलं, गावाच्या पिण्याच्या विहिरीच्या अंगाने. तुळशीराम म्हणाला, "सरपंच, हिरीला लागून नको. पानी पाझरंल." दगडी काम आहे, म्हटलं. उठून गेला. पटलं असावं.

२० मार्च, सायंकाळ
उद्घाटन. भाषण रंगलं. पाणी वाहताना बघून मलाच भरून आलं.

११ एप्रिल
आमची सौ. सुमित्रा म्हणते, विहिरीच्या पाण्याला वास येतो. उन्हाळ्यात येतोच. बायकांना प्लॅनिंगची दृष्टी नसते.

२२ एप्रिल
गावात जुलाब. कैऱ्यांचा सीझन. शेजारची शेवंताबाई दारात आली. "नातीच्या पोटात पानी ठरत नाय. तुमी येऊन बगा तरी." उद्या येतो म्हटलं. आधी कमिटीची अर्जंट मीटिंग. वामनशेठ आले नाहीत. शाळेला सुट्टी. कोरम नाही.

२४ एप्रिल
शेवंताबाईची नात गेली. चार वर्षांची. मी मातीला गेलो होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही. दुःखात माणसं बोलत नाहीत.

२७ एप्रिल
सुमित्राही जुलाबाने आडवी झाली. तुळशीरामनेच गाडी मिळवून पनवेलला दवाखान्यात नेलं. पाणी कुठलं पिता, डॉक्टरांनी विचारलं. मी प्लॅन उलगडला. त्यांनी वळणावर बोट ठेवलं. म्हणाले, "हे इथून कोणी नेलं?"
कमिटीने, म्हणालो.
सुमित्रा माझ्याकडे बघत होती. ताप असला की नजर अशी होते.

५ मे
तुळशीरामने माणसं घेऊन गटार बुजवलं. विहीर उपसली, औषध टाकलं. मला बोलावलं नाही. माझ्या वेळेची कदर असावी.

१२ मे
सुमित्रा बरी झाली. दवाखान्यातून परस्पर माहेरी, नावड्याला गेली. कधी येणार, ते कळवलं नाही. हवापालट चांगलाच.
पाणी उकळून प्यायला सांगितलंय. आजपासून नियम. चूल काही पेटली नाही, सगळ्या काड्या संपल्या. शेवंताबाईकडून निखारा आणावा म्हणून उठलो. तिच्या ओट्यापर्यंत गेलो. दोरीवर वाकळ वाळत घातली होती, लहानशी, चार वर्षांच्या पोरीच्या मापाची.
परत आलो. तशी फार तहान नाही.