उष्टं ओगराळं

७ जानेवारी १९७९
आज नेमणूक झाली. म्हणजे मीच केली. माझी पुतणी प्रेमिला, शिकायला आमच्याकडेच असते, ती पुढच्या महिन्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सात तास पोहणार. जमलं तर तिचा पोहण्याचा क्लब तिला समुद्रातल्या शर्यतीला पाठवणार. सोबतच्या नावेतून तिला खाऊपिऊ घालायला भरवशाचा माणूस हवा. तिच्या मनात तिची काकू होती. पण आमच्या गोपिकेला सायन्स येत नाही. मला पोहता येत नाही हे खरं, पण वाढप्याला स्वयंपाक कुठे येतो?

१० जानेवारी
रामटेकच्या दादांची, म्हणजे प्रेमिलेच्या वडिलांची, अट : संधी एकच. हुकली तर वैशाखात लग्न. मुलगा पाहून ठेवलाय. मी म्हटलं, निर्धास्त राहा, फीडिंग माझ्याकडे आहे. दादा म्हणाले, म्हणूनच त पाहून ठेवला गा.

१४ जानेवारी, सकाळी
सगळ्यांना नियम समजावला. पोहणाऱ्याने नावेला हात लावायचा नाही, माणसालाही नाही. लागला की बाद. म्हणून बांबूला ओगराळं बांधलं. अंगणात रिहर्सल. पेज गोपिकेच्या केसांत गेली. वारा होता. ती म्हणाली, तुमच्यानं होत नाही, मले बसू द्या नावेत. दुर्लक्ष केलं. संक्रांतीचा तिळगूळही सगळ्यांना ओगराळ्यातूनच दिला. शिस्त म्हणजे शिस्त.

२८ जानेवारी
सक्करदऱ्याच्या तलावावर ट्रायल. नावेत मळमळलं. पेज मीच प्यालो, टेस्टिंग म्हणून. प्रेमिला पाण्यात वाट पाहत होती. उद्यापासून रोज बंगईवर बसून झोके घ्यायचे, सवय होईल.

२९ जानेवारी
बंगईवर झोप लागली. प्रगती आहे.

१२ फेब्रुवारी
काल सगळं प्लॅनप्रमाणे झालं. शेवट सोडून.
पोरगी मासोळीसारखी पोहली. पेज, ग्लुकोजचं पाणी, केळं, सगळं ओगराळ्यातून. दोनदाच सांडलं. शेवटचा तास लागला. काठावरची माणसं दिसू लागली. दादासुद्धा उभे राहून पाहत होते. मी दादांना आयुष्यात कुणासाठी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.
सकाळी दादांनीच गडावरून रामाचा प्रसाद आणून दिला होता, साखरफुटाणे. म्हणाले होते, थकली की दे. आता ओगराळं सकाळपासून तिच्या तोंडाला लागलेलं, उष्टं. उष्ट्या ओगराळ्यात रामाचा प्रसाद? दुसरं भांडं नव्हतं. मग वाकून उजव्या हाताने दिला. तिनेही संस्कारांप्रमाणे उजव्या तळव्याखाली डावा धरला आणि घेतला. बोटं लागली.
नावेतच बसलेल्या परीक्षक देवाजींनी शिटी वाजवली. आधी माझ्याच हातून प्रसाद घेऊन, कपाळाला लावून, खाल्ला होता त्यांनी.
प्रेमिला थांबली नाही. उरलेलं अंतर पोहली. काठावर दादांनी टॉवेल दिला. मग ते खाली बसले, हे मला जास्त लागलं.
नियमात प्रसादाची सोय नाही. क्लबने विचार करायला हवा.

१३ फेब्रुवारी
देवाजींना भेटलो. ते म्हणाले, प्रसाद पावला असन, पण हात लागला ना. पुढच्या वर्षी या म्हणे. दादांना पटवणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे. रविवारीच जातो.

११ मार्च
अखेर रामटेकला जाऊन आलो. जेवण उत्तम झालं. विषय काढायला योग्य वेळ मिळाली नाही. येताना दादांनी लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून द्यायला सांगितला, माझं अक्षर चांगलं म्हणून. नाही कसं म्हणणार?

१५ एप्रिल
प्रेमिला अजून पहाटे तलावावर जाते. गोपिकाही सोबत जाते. मला कोणी उठवत नाही. उद्यापासून स्वतःच उठायचं.

६ मे
लग्न निर्विघ्न पार पडलं. पंगतीत लाडू वाढायचं काम मी मागून घेतलं. अनुभव आहे. प्रेमिलेच्या ताटाशी आलो आणि कसं कोण जाणे, लाडू वरूनच सोडला. घरंगळत पाटाखाली गेला.
ती म्हणाली, काका, आता लागला हात तरी चालते.
हसून म्हणाली. मी दुसरा लाडू आणायला गेलो. आचाऱ्याकडे धूर फार होता, जरा वेळ लागला. परत आलो तोवर पंगत उठली होती.